शमीमची चूक

एक चौरस उलगडायला वैजयंती मगदूमला सहा आठवडे लागले होते. कागदाचा नव्हे, पडद्यावरचा. त्याच्या कडा किती जाड असाव्यात, तो उघडताना किती सावकाश उघडावा, आतले चार तुकडे कोणत्या चार रंगांत यावेत, यावर तिने स्टुडिओतल्या मुलींशी वाद घातले, एकीला रडवलं, आणि शेवटी जो व्हिडिओ झाला तो पाहून भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली. व्हिडिओचं नाव होतं 'कंसाचा वर्ग'. चाळीस लाख लोकांनी तो पाहिला होता.

सांगलीला विश्रामबागेत तिचं घर, आणि घराच्या वरच्या मजल्यावर हा स्टुडिओ. 'गणितघर' या नावाने तिचे व्हिडिओ निघत. जत-आटपाडीकडच्या ज्या शाळांत गणिताला शिक्षकच नव्हता, तिथली मुलं तिच्या जिवावर दहावी झाली होती. लग्नाच्या मांडवात अनोळखी बायका तिचा हात हातात घेऊन सांगायच्या, "मॅडम, आमचा पोरगा तुमच्यामुळं इंजिनिअर झाला बघा." हे सगळं तिने कष्टाने कमावलेलं होतं, कुणाचं ओरबाडलेलं नव्हतं. म्हणूनच उमजचा पहिला अहवाल आला तेव्हा तिला कुणीतरी चारचौघांत थोबाडीत दिल्यासारखं झालं.

उमज म्हणजे काय ते सांगायला हवं. तोवर व्हिडिओची किंमत ठरायची ती किती जणांनी पाहिला आणि किती वेळ पाहिला यावर. पाहिलं म्हणजे कळलं असं सगळेच धरून चालले होते. पण माणूस डोक्याला ताण देऊन विचार करू लागला की उजेड तेवढाच असूनही त्याच्या डोळ्यातली बाहुली रुंदावते, पापण्या लवायच्या थांबतात. आणि गोष्ट लख्ख कळली की बाहुली झपकन लहान होते, अडून राहिलेल्या पापण्या पटापट लवतात. डोळ्यांच्या अभ्यासकांना यातलं बरंचसं जुनंच ठाऊक होतं. फक्त ते मोजायला हनुवटी टेकवायची चौकट आणि मोठं यंत्र लागायचं. आता फोनचा कॅमेराच इतका तीक्ष्ण झाला की 'अक्षांश' या शिक्षणाच्या मंचाने, बघणाऱ्याची परवानगी घेऊन, ही मोजणी प्रत्येक धड्याला जोडून टाकली. पडद्याखाली एक रेघ यायची. रेघ चढली म्हणजे झटापट चालू आहे. ती एकदम कोसळली म्हणजे उमजलं. आणि सपाट राहिली म्हणजे बघणाऱ्याची नुसती करमणूक झाली.

'कंसाचा वर्ग'ची रेघ सपाट होती. चाळीस लाख माणसांची मिळून एकच रेघ, आणि ती चटईसारखी पसरलेली.

आता अक्षांशवर एखादा विषय शोधला की ज्या व्हिडिओत सर्वाधिक मुलांना उमजलं तोच पहिला यायचा. कंसाच्या वर्गासाठी पहिला आला होता शमीम सतारमेकरचा.

वैजयंतीने ते नाव वाचलं आणि खुर्ची मागे सारली. स्टुडिओतल्या मुली कामात असल्यासारखं दाखवत होत्या. त्यांनी अहवाल आधीच वाचलेला असणार, हे तिला त्यांच्या पाठींवरूनच कळलं.

कोल्हापूरला एम.एस्सी.ला असताना शमीम तिची खोलीतली मैत्रीण होती. 'गणितघर' दोघींनी मिळून काढलं होतं, तेही मिरजेला शमीमच्या वडिलांच्या सतारीच्या कारखान्याच्या माडीवर. शमीम कायम उशिरा यायची, तयारी अर्धवट असायची, आणि वर तोंडाने फटकळ. फळ्यावर लिहिता लिहिता ती चुकायची, थांबायची, डोकं खाजवायची, मग पुसायची. वैजयंती रात्रंदिवस बसून ते सगळं कापून काढायची. एकदा शमीमने तयार व्हिडिओ पाहिला. त्यातली तिची लांबलचक थांबण्याची जागा नाहीशी झाली होती. "तू चूक कापली नाहीस वैजू, मला कापलंस," असं म्हणून ती उठली ती परत आलीच नाही. वैजयंतीला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. वर्ष-दोन वर्षांत 'गणितघर' महाराष्ट्रभर झालं आणि शमीमचे व्हिडिओ मिरजेच्या माडीवरच राहिले. हेवा करावा असं त्या बाईकडे काही नव्हतंच.

वैजयंतीने दार लावून घेतलं आणि शमीमचा व्हिडिओ पाहिला. मागे पंखा घरघरत होता. गल्लीतून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. साडीच्या पदराला खडूची भुकटी लागलेली, आणि बाई फळ्यावर लिहीत होती: तीन अधिक चार, कंसाचा वर्ग. बरोबर तीनचा वर्ग नऊ, चारचा वर्ग सोळा, एकूण पंचवीस. ठळक अक्षरात पंचवीस. त्या पंचविसाखाली रेघ मारून तिने पुढचं उदाहरणही त्याच रीतीने सोडवलं, आणि मग हातातला खडू तसाच राहिला.

"थांबा. काहीतरी बिनसलंय," शमीम म्हणाली आणि फळ्याकडे वळली. प्रेक्षकांकडे पाठ. किती तरी वेळ ती बोललीच नाही. वैजयंतीचा हात सवयीने ते कापायला पुढे झाला. "तीन आणि चार सात. सात सत्ते एकोणपन्नास. माझे आले पंचवीस. चोवीस कुठं गेले?" मग पुन्हा ती शांतता, आणि मग तिने सातचा एक वाकडातिकडा चौरस काढला. एका कोपऱ्यात तीनचा, समोरच्या कोपऱ्यात चारचा. उरलेल्या दोन कोपऱ्यांत तीन बाय चारचे दोन आयत, रिकामे, तिच्याकडे बघत असलेले.

खालची रेघ शांततेच्या जागी डोंगरासारखी चढली होती आणि शमीमने चौरस काढायच्या आतच ती कोसळली होती. म्हणजे मुलांना शमीमने सांगितलंच नव्हतं. तिने सांगायच्या आधी त्यांना कळलं होतं.

ही चूक खरी की मुद्दाम केलेली? वैजयंतीने व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. एका खोलीत राहून, एकत्र काम करूनही तिला सांगता येईना, आणि त्याचा तिला वेगळाच राग आला.

तरीही हे सगळं पचलं असतं. लोकांचं काय, आज एक डोक्यावर घेतात, उद्या दुसरं. पण ऋजुता लोकांतली नव्हती.

ऋजुता तिची एकुलती एक मुलगी, आठवीतली. गणित तिला जमत नसे. वैजयंती शिकवायला बसली की पोरगी पहिली काही मिनिटं मान हलवायची, मग नुसतीच हलवायची, आणि शेवटी डोळे भरून यायचे. "सगळ्या महाराष्ट्राला शिकवतेस आणि घरात ही तऱ्हा," असं वैजयंतीची जाऊ एकदा हसत म्हणाली होती. तिच्याकडे वैजयंती त्यानंतर वर्षभर गेली नाही. आणि या सहामाहीला ऋजुताला गणितात एकदम चांगले गुण पडले. आठवीच्या व्हिडिओंचा नवा संच वैजयंतीने उन्हाळ्यातच पुरा केला होता. तिने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि रविवारी बासुंदी केली.

बासुंदीच्या वाट्या समोर असताना भरतेश, तिचा नवरा, फोनवर बोलत होता. त्याचं पंपांचं आणि शेततळ्यात अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदाचं दुकान होतं. फोन ठेवून तो म्हणाला, "कवठ्याच्या माणसाचं तीस बाय तीसचं तळं हाय, चाळीस बाय चाळीस करायचंय म्हणतोय. तळाला वाढीव कागद किती, तर दहा दाही शंभर चौरस फूट. लावून टाकतो."

"थांबा बाबा, काहीतरी बिनसलंय," ऋजुता म्हणाली. चमचा हवेत धरून ती ताटाकडे बघत राहिली. "चाळीस चाळीस सोळाशे. जुने नऊशे. सातशे लागणार. तुमचे सहाशे कुठं गेले?"

भरतेशने बोटांवर मोजलं आणि कपाळाला हात लावला. "आयला, खरंच की. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या राहिल्या. पोरी, वाचवलंस बघ, त्यानं शिव्या घातल्या असत्या मला." तो हसत सुटला.

वैजयंती हसली नाही. तो शब्द, ती मान, बोलायच्या आधीचं ते थांबणं, सगळं तिच्या ओळखीचं होतं. "कुणी शिकवलं हे?" तिने विचारलं.

"असंच," ऋजुता म्हणाली आणि बासुंदीत चमचा फिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैजयंतीने तिला वर स्टुडिओत बोलावलं. नवा धडा आहे, बघून सांग कसा झालाय ते. उमजची परवानगी पालकांनी द्यायची असते, ती तिने शाळा सुरू झाली तेव्हाच देऊन ठेवली होती. ऋजुता धडा बघत होती. रंग बदलले तिथे हसली, त्रिकोण गिरकी घेऊन बसला तिथे 'वा' म्हणाली. "छान झालाय आई," असंही म्हणाली. बाजूच्या पडद्यावर तिच्या डोळ्यांची रेघ सपाट होती. पोरगी आईसाठी हसत होती.

ती खाली गेल्यावर वैजयंतीने तिच्या मागच्या तीन महिन्यांच्या रेघा उघडल्या. शमीम, शमीम, पुन्हा शमीम. जिकडेतिकडे चढण आणि उतरण. काही रेघा अर्ध्यावर थांबवून परत चालू केलेल्या. नवऱ्याच्या सदऱ्यावर परक्या बाईचा केस सापडावा तशी वैजयंती त्या रेघांकडे बघत बसली. तिच्या अंगाची लाही लाही झाली. जगातली सगळी पोरं ने म्हणावं बये, पण ही माझी आहे. हिला लिहायला मी शिकवलं, हिचे दात पडले ते मी जपून ठेवले, आणि हिच्या डोक्यात दिवा लागला तो तुझ्या त्या घरघरत्या पंख्याखाली.

आता मुद्द्याची गोष्ट. वैजयंती अक्षांशच्या शुद्धता समितीवर होती. समितीत तिघं, ती आणि पुण्याचे दोन प्राध्यापक. नियम सरळ होता: चुकीचं विधान ताबडतोब दुरुस्त न होता पडद्यावर उभं राहिलं तर त्यावर आक्षेप घ्यायचा. नियम चांगल्यासाठीच होता, कारण पोरं व्हिडिओ अर्ध्यावर सोडून जातात. आक्षेप मंजूर झाला की पुढचं काम शुद्धी करायची. शुद्धी हे यंत्र व्हिडिओतल्या माणसाचा चेहरा, आवाज आणि हात शिकून घेई आणि चुकीचा भाग नव्याने घडवी. शिक्षकाला परत कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागत नसे. फळ्यावर तोच हात बरोबर उत्तर लिहायचा, तोच आवाज ते बोलायचा. शिवण कुठे आहे ते शोधून सापडायची नाही.

वैजयंतीने आक्षेप लिहिला. शमीमच्या एका धड्यावर नव्हे, पंचवीस-तीस धड्यांवर. प्रत्येकात चूक होतीच, ती प्रत्येकात किती वेळ उभी होती तेही तिने नमूद केलं. एकही ओळ खोटी नव्हती. मी माझं काम करते आहे, असं ती स्वतःला सांगत होती, आणि ते इतक्या वेळा सांगावं लागत होतं की तेवढ्यावरून तरी तिला संशय यायला हवा होता. पुण्याच्या प्राध्यापकांनी मान डोलावली.

पंधरा दिवसांत शमीमचे सगळे धडे शुद्ध झाले. त्यांच्या रेघा सपाट झाल्या. सपाट रेघांच्या शर्यतीत मग देखणा व्हिडिओ पुढे यायचा तो आला, आणि 'कंसाचा वर्ग' पुन्हा पहिला झाला. वैजयंतीने स्टुडिओतल्या मुलींना आइस्क्रीम मागवलं. तिला मनापासून आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी ऋजुता टॅबलेट घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, मावशी आता तुझ्यासारखं शिकवते."

ती शमीमला मावशी म्हणायची हे वैजयंती विसरूनच गेली होती. लहानपणी तिच्या मांडीवर खडू खात बसायची पोरगी. "मग चांगलंच आहे की," वैजयंती कणीक मळत म्हणाली.

"हो," ऋजुता म्हणाली. तिने टॅबलेट बंद करून फडताळात ठेवला, आणि त्यानंतर तो बाहेर काढलाच नाही. पुढच्या चाचणीत तिचे गुण पुन्हा पूर्वीसारखे घसरले. वैजयंती शिकवायला बसली की मान हलवायची, मग नुसतीच हलवायची. आता डोळे मात्र भरत नव्हते. तिने ते सोडून दिलं होतं.

शमीम आली ती एका रविवारी सकाळी. दार ऋजुताने उघडलं.

"किती उंच झालीस गं. आई हाय का घरात?" असं म्हणत शमीम आत येऊन बसलीसुद्धा. केस अर्धे पांढरे झाले होते, ते तिने रंगवले नव्हते. वैजयंती आतून आली. दोघी सात वर्षांनी एकमेकींसमोर येत होत्या आणि दोघींनाही नमस्कार सुचला नाही.

"माझे धडे बघितलेस का नवे?" शमीम म्हणाली. "मी बघितले. बाई माझ्यासारखीच हाय. माझ्याहून बरी दिसती, तेवढं खरं. पण ती थांबतच नाही, वैजू. फळ्याकडे जाती आणि धाडधाड बरोबर लिहिती. मी जन्मात कधी तशी लिहिली नाही."

"समितीचा निर्णय असतो तो."

"समितीत तिघं. दोघं पुण्याचे, त्यांना मिरज नकाशात दाखवावी लागेल. तू केलंस ना?"

"चूक होती, शमीम. पंचवीस फळ्यावर किती वेळ उभे होते ते मोज."

"मोजायला कशाला पाहिजे? मीच उभी होते तिथं त्यांच्याबरोबर."

"आणि जी पोरं अर्ध्यावर बंद करतात ती पंचवीसच घेऊन जातात. त्यांचं काय?"

"जातात काही," शमीम म्हणाली. "ते मान्य. त्यावर मला अजून उपाय सापडला नाही. पण तू त्यासाठी केलं नाहीस."

वैजयंतीने इतके दिवस टोचत असलेला प्रश्न विचारला. "तू खरंच चुकतेस, की मुद्दाम?"

"दहावीत खरंच चुकले होते. सगळा वर्ग हसला होता. ती चूक मी जपून ठेवली." शमीमने पदराने चष्मा पुसला. "फळ्यासमोर गेले की मी दहावीतली होते. बरोबर उत्तर बाजूला ठेवते आणि शोधत जाते. कधी कधी इतकं बाजूला पडतं की खरंच अडकायला होतं. तुला वाटायचं मी तयारी करत नाही. अगं, तीच तयारी असायची."

ती उठली. "माझ्या हातात काही नाही. आक्षेप घेणारानंच मागं घेतला तर जुने धडे परत येतात, आणि कारण सगळ्यांना दिसतं. तू काय तो मागं घेणार नाहीस. पण तोंडावर विचारायचं होतं, ते झालं." चहा नको म्हणाली, ऋजुताच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्कूटरला किक मारून गेली.

ऋजुता दारातच उभी होती. "मावशीचे धडे तू बंद केलेस?"

"बंद नाही, दुरुस्त केले."

"का?"

नियम सांगायला वैजयंतीने तोंड उघडलं. पोरगी तिच्याकडे टक लावून बघत होती, आणि त्या नजरेपुढे नियम काही बाहेर येईना. "कारण तू तिच्याकडून शिकत होतीस," ती म्हणाली. "माझ्याकडून नाही."

ऋजुता रडेल, आदळआपट करेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. "तू कधीच चुकत नाहीस आई," ऋजुता हळू म्हणाली. "तुझ्यासमोर बसलं की मला वाटतं, सगळ्या जगात चुकणारी मी एकटीच आहे. मावशी फळ्यावर चुकली की आम्ही दोघी व्हायचो." आणि ती आपल्या खोलीत निघून गेली.

आठवडाभर वैजयंती स्वतःशी भांडत होती. आक्षेप मागे घेतला तर पहिली जागा जाणार, समिती जाणार. हे ती सोसू शकली असती. कारण लिहायचं होतं ते सोसत नव्हतं. 'शैक्षणिक दृष्टीने फेरविचार' असं तिने लिहून पाहिलं. ते वाचायला फार छान वाटत होतं, म्हणूनच खोडलं. 'नियमाचा अर्थ लावताना झालेली गफलत'. तेही खोडलं. अखेर लिहिलं: 'हे आक्षेप मी हेव्यापोटी घेतले.' आणि फार विचार करायच्या आत पाठवून दिलं.

व्हायचं ते झालं. समितीने तिला निरोप दिला. लोकांनी पोटभर हसून घेतलं, जावेने मुद्दाम फोन करून चौकशी केली. स्टुडिओतल्या तिघींपैकी एक काम सोडून गेली. शमीमचा फोनवर एका शब्दाचा निरोप आला: 'बावळट.' वैजयंतीने तो बराच वेळ वाचला. त्यात तिला थोडी माया दिसली, पण ती खात्रीने सांगू शकली नसती.

शमीमचे जुने धडे परत आले त्या दिवशी दुपार उतरल्यावर वैजयंती ऋजुताच्या खोलीत गेली. "मी बसू तुझ्याजवळ?" असं तिने विचारलं. ऋजुताने पलंगावर जागा करून दिली आणि धडा लावला.

धडा सरासरी वेगाचा होता. शमीम सांगत होती, कोल्हापूरच्या वाटेवर एक जण जाताना ताशी तीसने गेला, येताना ताशी साठने आला, मग सरासरी पंचेचाळीस. पंचेचाळीसला तिने गोल केला. मग तिचा खडू थांबला. "जरा एक गाव धरू. साठ किलोमीटरवरचं. जायला दोन तास. यायला एक." ती फळ्याकडे वळली आणि गप्प झाली. पंखा घरघरत होता.

वैजयंती पडद्याकडे बघत नव्हती, मुलीकडे बघत होती. ऋजुताचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. पापणी लवत नव्हती. इतक्या जवळून, कुठल्याही यंत्राशिवाय, काळीभोर बाहुली मोठी मोठी होत गेलेली वैजयंतीला दिसली. या पोरीचे डोळे असेही होतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. आणि हे डोळे त्या बाईच्या पाठीकडे लागले होते. ओठ शिवशिवले.

"अगं, तास तीन झाले ना," वैजयंती म्हणाली. "एकशेवीस भागिले तीन. चाळीस."

ऋजुताची पापणी लवली. तिने हात पुढे करून धडा थांबवला. रागावली नाही.

"आई," ती म्हणाली, "मला येत होतं."

वैजयंतीने तोंडावर हात ठेवला. हजारो मुलांना तिने असंच वेळेवर उत्तर दिलं होतं. सुंदर रंगांत, सावकाश उलगडून, मुलाला प्रश्न पडायच्या आत. त्यातल्या किती जणांना ते येत होतं, कोण जाणे. "दुसरा लाव," ती म्हणाली. "मी बाहेर थांबते." ऋजुताने मान हलवली, आणि या वेळी ती नुसती हलवलेली नव्हती.

वैजयंती बाहेर येऊन दार लोटून बैठकीत बसली. आतून शमीमचा आवाज येत होता. मग तो थांबला. काहीच ऐकू येईना. ती शांतता भरून काढायला तिचं मन धावत होतं, उठून आत जावं, निदान दार किलकिलं करून बघावं असं वाटत होतं. हेवा कुठेही गेलेला नव्हता. तो शेजारी पाय पसरून बसला होता. आत जे चाललं होतं ते तिच्या मुलीचं होतं, शमीमचं होतं, आणि त्यात तिचा वाटा एवढाच होता की तिने आत जाऊ नये.

भरतेश दुकानातून आला. हातपाय धुऊन तो स्वयंपाकघरात डोकावला. मगदूमांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचा रिवाज होता, आणि तो भरतेशने आजवर कुणासाठी मोडलेला नव्हता. खिडकीतून ऊन भिंतीवर चढून पार छताला टेकलं होतं.

"पोरगी कुठाय? हाक मार की. ताटं घेऊ," असं म्हणत तो दाराकडे निघाला. वैजयंतीने उठून त्याचं मनगट धरलं.

"अगं, दिवस मावळेल," तो म्हणाला.

"मावळू दे," वैजयंती दबक्या आवाजात म्हणाली. "तिला येतंय."